काकूनं टाकलेलं पाणी

माझं नाव लता. माहेर सिन्नरच्या पलीकडं, लहानसं गाव, तिथं आमची बौद्धांची वस्ती. वडील आन काका दोघं गवंडी, आन आई आन माझी काकू, शांताकाकू, दोघी जावा एकाच घरात, भांडायच्या बी आन एका ताटात जेवायच्या बी. आईच्या उजव्या हाताची बोटं एकमेकीला चिकटलेली. त्याच हातानं तिनं माझ्या वेण्या घातल्या, भाकरी थापल्या, मला वाटायचं सगळ्यांच्या आयांचे हात असेच असत्यात.

झालं असं, आमच्याकडं पंपाचा रॉकेलचा स्टो व्हता, तो कलंडला, रॉकेल सांडलं आन पेटलं. मी लय लहान. मला आठवतं ते काकू घागर घेऊन पळत आली, पाणी ओतलं, आन मंग घरभर नुसता उजेडच उजेड. आई जळाली पण जगली. सारा गाव म्हणायचा, शांतानं पाणी टाकलं म्हणून जाऊ वाचली. काकू काय बोलायची नाय, पण कोणी असं म्हटलं की पदर सारखा करायची, तिला बरं वाटायचं.

मंग माझं लगीन झालं, नाशिकला आले. मालक कंपनीत, मला बी सातपूरला काम लागलं, ते आग विझवायचे लाल सिलिंडर असत्यात ना, ते तपासून परत भरायचं दुकान, तिथं. बनकरमामा म्हणून जुने मिस्त्री व्हते, त्यांनी शिकवलं. म्हणायचे, लता, आधी विचार काय पेटलंय, मंग सिलिंडर उचल. लाकूड, कागद, कापड पेटलं तर पाण्याचा. पेट्रोल, रॉकेल असलं काय पेटलं तर फेसाचा, तो वर साय धरल्यावानी बसतो, आगीला हवा मिळू देत नाय. विजेच्या बोर्डाला गॅसचा, सीओटू, त्याचं गॅस सोडायचं पुढचं नळकांडं धरायचं नाय, हात गारठून सोलून निघतो. पावडरीचा बऱ्याच आगींना चालतो, पण नंतर झाडून झाडून जीव जातो. हॉटेलात कढईचं तेल पेटतं, त्याला आणखी येगळंच औषध भरलेला. आन पिन काढायची, धार ज्वाळेवर नाय, बुडाशी मारायची.

आन एक दिवस मामा म्हणाले, पेटलेल्या रॉकेलावर पाणी कधीच टाकू नको, रॉकेल पाण्यावर तरंगतं, आग पाण्यासंगं पळती. काय सांगू तुम्हाला, मला काकूची ती घागर आठवली. आग पाण्यासंगंच आईपर्यंत गेली व्हती. घरी कोणालाच बोलले नाय मी. काय बोलणार? काकूनं जन्मभर तेवढीच एक गोष्ट उराशी धरलेली.

पुढं वडील गेले, काका गेले, दोघी म्हाताऱ्या माझ्याकडं आल्या. आमच्या कॉलनीच्या विहारात बायका म्हणाल्या, लताताई, आम्हाला बी शिकवा. रविवारी अंगणात पत्र्याच्या ट्रेत डिझेल पेटवलं, फेस मारून दाखवला. बोलायच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, बायांनो, रॉकेल पेटलं तर पाणी टाकू नका, आग पसरती. म्हटलं आन जीभ चावली. पुढंच बसलेली काकू, शेजारी आई. तिचं तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, म्हंजी मीच पेटवलं का गं तुझ्या आईला?

मी हातातला सिलिंडर खाली ठेवला. तेवढ्यात आई उठली, त्या चिकटलेल्या बोटांनी तिनं काकूचा हात धरला, म्हणाली, शांते, मला ठावं हाय. मी आत व्हते ना, आग पाण्यावरून येताना मी बघितली. काकू म्हणाली, मंग इतकी वर्सं बोलल्या का नाय? आई म्हणाली, काय बोलू? बाकीचे दारातून वरडत व्हते, आत तू एकलीच आलीस. माझं लुगडं पेटलं तवा तुझ्या अंथरुणातली गोधडी वढून मला गुंडाळलंस, वरून मिठी मारून बसलीस, तुझी छाती भाजली तरी सोडलं नाय. ते कोणाला दिसलं नाय, मला दिसलं.

हे मला ठाऊकच नव्हतं. काकूच्या छातीवरचा डाग मी कधी पाहिलाच नव्हता. मी तिच्याजवळ बसले, म्हटलं काकू, हा फेस जे करतो ना, हवा तोडायचं काम, तेच तुझ्या गोधडीनं केलं. मामांनी बी तेच सांगितलं असतं तुला. काकू लय रडली. आई तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणत व्हती, उगी, उगी, चल घरी, चहा ठेवते.

आता दोघी दुपारच्या गॅलरीत बसून लसूण सोलत्यात, भांडत्यात, परत बोलत्यात. काकूच्या गुडघ्याला आई तेल चोळती. मी शाळांत, सोसायट्यांत जाऊन शिकवते. तुमच्या जिन्यात बी लाल सिलिंडर टांगलेला असंल, त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात हाय का बघत जा. आन तो तिथंच टांगलेला राहो, धूळ खात, तुमच्या घरातल्या कोणावर कधी त्याची पिन ओढायची येळ न येवो.