नानांना सांगा

(नाशिक, पंचवटीतलं दोन खोल्यांचं घर. २००५ सालातला एक रविवार. सून तृप्ती स्वयंपाकघरात, सासरे रंगनाथ बाहेरच्या खोलीत, आणि सासू कुसाबाई मधल्या उंबऱ्यावर लसूण सोलत.)

तृप्ती : आणि नानांना सांगा, कॉल सेंटरच्या परीक्षेत मी नापास नाही झाले. उद्या परत बोलावलंय. पण उद्याचं शेवटचं. उद्या जमलं नाही तर घेणार नाहीत.

रंगनाथ : तिला इचार, परत कशापायी? इंग्रजी तर चांगलं हाय तिचं.

कुसाबाई : ऐकलं ना गं? का मी परत सांगू? हात लांब केला तर एकमेकाला लागंल, अन् मी आपली मधी बसून टपाल वाटायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललंय तुमचं.

तृप्ती : इंग्रजी चांगलंच आहे म्हणाले. पण तू समोरच्याशी बोलतच नाहीस म्हणाले. तिथले ट्रेनर अमेरिकेतलं गिऱ्हाईक झाले होते, टेलिफोनचं बिल जास्त आलेलं. मी म्हटलं, 'सर शुड नॉट वरी. सर विल प्लीज टेल सर्स नंबर.'

कुसाबाई : मग? मान देऊनच बोललीस की.

तृप्ती : तेच तर चुकलं. ते म्हणाले, हे सर कोण? फोनवर मी एकटा आहे, मला 'यू' म्हण. आई, माझ्या तोंडातून निघेचना. वडलांच्या वयाचा माणूस समोर बसलेला. सगळी पोरं हसली. मला तर तिथून उठून यावंसं वाटलं.

रंगनाथ : तिला इचार, यू म्हंजे तू का तुम्ही?

तृप्ती : नानांना सांगा, दोन्ही.

रंगनाथ : दोन्ही कसं? कलेक्टरला अन् हमालाला एकच?

तृप्ती : एकच. माणसं जास्त असली तर 'यू गाईज' म्हणतात. आपण 'तुम्ही लोक' म्हणतो तसं. नुसत्या बायका असल्या तरी चालतं. आणि टेक्सास म्हणून भाग आहे, तिकडचे 'यू ऑल'चं 'यॉल' करतात. ते दरडावल्यासारखं वाटलं तरी घाबरायचं नाही, ती माणसं रागावलेली नसतात, जवळीक म्हणून तसं बोलतात, असं शिकवलंय.

कुसाबाई : आमच्या सटाण्याच्या काकूचं तसंच होतं. जेवायला वाढताना बोलायची तरी नव्या माणसाला भांडण वाटायचं.

रंगनाथ : तिला सांग, आता मी गिऱ्हाईक बनतो. इथल्या द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट हापिसात जन्म गेला माझा फोन उचलण्यात. कांद्याची गाडी येळेवर पोचली नाय की कलकत्त्याचा व्यापारी इंग्रजीतच शिव्या घालायचा. समदं कळायचं.

तृप्ती : आई, नको. नानांना सांगा, उद्या मी करीन कसंतरी.

रंगनाथ : तिला सांग, गिऱ्हाईक फोन ठेवत नाय. हॅलो. माय बिल इज टू मच.

तृप्ती : ...हॅलो. थँक यू फॉर कॉलिंग. सर विल प्लीज...

रंगनाथ : हू सर?

तृप्ती : आई, सांगा ना त्यांना.

कुसाबाई : मी काय सांगायची नाय. मला येतं का इंग्रजी? आणि ऐक. मी माझ्या सासऱ्याशी कधी बोलले नाय. त्यांना पाणी पायजे असलं तर गोठ्याकडं बघून इचारायची. शेवटी खाटेवर पडून होते, तवाबी कुठं दुखतं ते पोराला, संतोषला, पुढं करून इचारलं. चांगला माणूस होता गं. माझा आवाज कसाय तेबी त्याला धड माहीत नसंल. मला लय वाटतं त्याचं. तू नको करू तसं.

रंगनाथ : हॅलो. आय एम वेटिंग.

तृप्ती : सॉरी. आय... यू...

रंगनाथ : लाइनवर आवाज येत नाय. कलकत्त्याला पोचंल असं बोलायचं.

तृप्ती : यू डोंट वरी, सर. आय विल चेक युवर बिल.

रंगनाथ : व्हेरी गुड. बट आय एम अँग्री. यू गाईज सेंड राँग बिल एव्हरी मंथ.

तृप्ती : आय अंडरस्टँड. यू आर राइट, सर. आय विल हेल्प यू.

कुसाबाई : बोलली की. आणि छत काय पडलं नाय.

रंगनाथ : आता उलटं. ती गिऱ्हाईक, मी कंपनी. तिला सांग, कंप्लेंट कर म्हणावं. मनात येईल ती. गिऱ्हाईकाला कोण काय बोलत नाय.

तृप्ती : काहीही चालेल?

रंगनाथ : एनी कंप्लेंट, मॅडम.

तृप्ती : हॅलो. आय हॅव वन कंप्लेंट. यू गाईज डिसाइडेड माय जॉब. यू, माय हजबंड अँड चांदवड मामा. यू सॅट. यू हॅड टी. आय मेड द टी. नोबडी आस्क्ड मी.

कुसाबाई : काय म्हणाली? अहो, सांगा की. आता मला कोण टपाल आणून देणार?

रंगनाथ : ती म्हणती, तिच्या नोकरीचं आपण ठरवलं. मी, संतोष अन् तुझा भाऊ. बसलो, च्या प्यालो. च्या तिनंच केला. तिला कुणी इचारलं नाय.

कुसाबाई : खरंय. मीबी होते की तिथं. मलाबी सुचलं नाय.

तृप्ती : नाना, तसं नाही. ही नुसती प्रॅक्टिस होती. मी आपलं काहीतरी...

रंगनाथ : थांब. लाइन चालू हाय अजून. मॅडम, युवर कंप्लेंट इज करेक्ट. कंपनी इज सॉरी. आन् तृप्ती, मी हापिसात समद्यांला सांगत फिरलो, माझी सून अमेरिकेशी बोलणार. मला वाटलं, तू खूशच आसशील. आता इचारतो. तुला करायची हाय का ही नोकरी?

तृप्ती : करायची आहे, नाना. मनापासून करायची आहे. पण माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय. मुक्त विद्यापीठातून तेही करायचंय, नोकरी सांभाळून. हेच सांगायचं होतं त्या दिवशी. चहा घेऊन आले तेव्हा दारात उभी राहिले होते थोडी.

रंगनाथ : कर की. त्यात काय.

तृप्ती : आणि परीक्षेच्या दिवसांत घरी पाहुणे नकोत.

रंगनाथ : चांदवडवाल्यांला मी सांगतो.

कुसाबाई : माझ्या माहेरच्यांलाच सांगा बरं आधी. राहू द्या, मीच सांगते. तुम्ही सांगितलं तर रुसायचे.

रंगनाथ : सकाळी माझ्या स्कूटरवर चल, तृप्ती. तुझ्या कंपनीपाशी सोडतो अन् मग हापिसात जातो. रस्त्यानं मी अँग्री गिऱ्हाईक. मागं बसून मोठ्यानं बोलायचं.

तृप्ती : सिग्नलला लोक बघतील, नाना.

रंगनाथ : बघू दे. उद्या तुला ते साहेब काय इचारतील ते इचारू दे, तू आपली त्यांच्या डोळ्यात बघून यू म्हण. मला म्हणलीस, आता कुणालाबी म्हणशील.

तृप्ती : म्हणेन. थांबा, तुमचा चहा राहिलाच बोलण्याच्या नादात. ठेवते.

रंगनाथ : तू बस हितं. आज मी ठेवतो. अगं ए, साखरंचा डबा कुठं असतो?

कुसाबाई : मला काय इचारता? तिलाच इचारा.