मावळ्यांचे डोळे आणि पांढरा रस्सा

एक गंमत सांगतो, पण आमच्या हिच्यासमोर विषय काढू नका. परवा तिचा वाढदिवस झाला, आधारकार्डावरचा का असेना. मी म्हटलं, "आज सैपाक माझा. तू नुसतं बसायचं."

दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मातीचे मावळे रंगवायचं माझं काम. एकीकडं मटण शिजत होतं, एकीकडं मी बोटाएवढ्या मावळ्यांचे डोळे काढत होतो. डोळ्याला ब्रशचं टोक बारीक लागतं, म्हणून दरवेळी ते जिभेवर फिरवायचं. मग उठून रस्सा चाखायचा. रंगानं माखलेल्या जिभेला चव कुठली लागणार? मला वाटलं, मीठच कमी पडलंय. चारदा टाकलं.

तिला वाढलं. दोन वाट्या पांढरा रस्सा गप प्याली.

"कसा झालाय?"

"झकास."

मग चूळ भरून मी जेवायला बसलो, तर पहिलाच घोट घशाखाली उतरेना.

"अगं, नुसतं मीठ हाय की! बोलली का न्हाईस?"

"अवं, बोलली असती तर नीट कराय मलाच उठाय लागलं असतं. पन्नास वर्सांत पयल्यांदा बसून जेवतीया. वाढा आणखी वाटीभर."