मान हलवली म्हणून

नाही, गाऊन राहू दे, घालू नकोस. आत नाही जायचं तुला, इथं काचेपाशीच उभी राहा. आणि मास्क काढ. हो, काढ म्हणतेय ना मी — दार बंद आहे, आतली हवा पंखा मागच्या मागं ओढून घेतो, इकडं येत नाही. एकतीस वर्षं टीबीच्या वॉर्डात काढलीत, इंदाय, पोरी, उगीच नाही सांगत. तुझं तोंड दिसलं पाहिजे तातायना, तुझ्या वडिलांना. झोपलेत म्हणतेस? झोपलेले नाहीत. तेच सांगतेय.

मी पुरा, इथली नर्स. तू तैवानला असताना फोनवर बोलले ती मीच. मागं जेवणाच्या सुट्टीचा गलका होता आणि तू म्हणालीस, मनांग ताई, आई गेल्याचं ताताय‌ना तुम्हीच सांगा, मला फोनवर जमायचं नाही. फोन त्यांना ऐकू तरी कुठं येणार होता — तुला माहीत होतं? नव्हतं ना. सहा वर्षं तू फोन केलास की तुझ्या आईच, नानायच घ्यायच्या, म्हणायच्या, वडील अंघोळीला गेलेत, कोंबड्यांना दाणे टाकताहेत. अगं, तीस वर्षं साखर कारखान्यात चरकापाशी उभा राहिलेला माणूस, कान केव्हाच गेले. ओठ बघून निभवायचे, आणि डॉक्टरांना उत्तरं द्यायला नानाय असायच्याच. इथं आणलं तेव्हा नानायना आम्ही दाराशी थांबवलं. नियमच आहे तो. आणि जो आत जातो त्याचं कपाळ आणि डोळे, एवढंच दिसतं.

आता मला सांग, कुणाला कळणार? गोळ्या घेतल्या? — मान हलवायचे. दुखतंय? — मान. भात संपवला? — मान, आणि ताट तसंच. नवीन डॉक्टरीणबाईंनी लिहून टाकलं, हट्टी आहे. मी लिहिलं, समजूतदार. एकाच माणसाबद्दल, एकाच कागदावर. आम्ही तरी काय — चौदा खोल्या, दर वेळी गाऊन चढवा, उतरवा, हात धुवा. आत जितका कमी वेळ तितकं बरं, असंच शिकवलंय, आणि चूक नाही ते. पण आतल्या माणसाला घाई तेवढी कळते. — थांब, सात नंबरची घंटा. आमची बेलिंग सिस्टर गेली का? गेली.

तर तुझ्या फोननंतर मी आत गेले. हात हातात घेतला, हातमोजे घालूनच. म्हटलं, ताताय एपो, नानाय सोलिंग गेल्या. बाजारात भोवळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मान हलवली. म्हणाले, "उपकार झाले, बाळ." मी बाहेर येऊन रडले, आणि तुला कळवलं — वडील खंबीर आहेत, शांतपणे घेतलं. म्हणूनच तू तिकीट पुढं ढकललंस, नाही का? हं. मला वाटलंच. — नको, पुसू नकोस डोळे. मला चार शब्द बोललीस तरी चालेल, माझी ना नाही.

कळलं ते परवा. इथं बाकावर, मास्क गळ्यात, मी आणि बेलिंग कॉफी घेत होतो. मी म्हटलं, आजच्या मासळीला वास येतोय, हेड सिस्टरला दोन तुकडे जास्त वाढा. तर आत हे हसायला लागले. दार बंद, आमचा आवाज जाणार कुठून — आणि हे हसताहेत, खोकला लागेपर्यंत. मी काचेपाशी गेले, आवाज न काढता नुसते ओठ हलवले, ताताय, ऐकू येत नाही तुम्हाला? मोठ्यानं म्हणाले, ते मोठ्यानंच बोलतात, "या तोंडाचं येतं की. इतके दिवस कुठं होतं हे तोंड?" आणि त्याच दमात, "सोलिंगला म्हणावं, तूही अशी काचेशी येऊन उभी राहा. वीस-बावीस दिवस झाले, रुसलीय का?"

पुरून झालं होतं, नऊ रात्रींची प्रार्थना झाली होती.

पळावंसं वाटलं मला. सोपं होतं गं, मास्क वर ओढला की झालं, काही सांगावंच लागलं नसतं. हात गेलाही होता वर. मग खाली घेतला आणि सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द. "केव्हा?" — वार सांगितला. बोटांवर मोजले दिवस. "मला कुणी सांगितलं नाही?" म्हटलं, मी सांगितलं होतं, तुम्ही मान हलवलीत. "आणि म्हणालो काय?" आता हे कसं सांगायचं? सांगितलं. उपकार झाले म्हणालात.

तेव्हापासून हे असं. गोळ्या घेतात, चमचा ओठाला लावला तर तोंड उघडतात, पण मी काचेशी आले की डोळे मिटून घेतात. ओठांवरून ऐकणाऱ्यानं डोळे मिटले की संपलंच की बोलणं. पाटीवर लिहून? तिसरी शिकलेले, त्यात चष्मा घरी राहिलेला. — आणलास तू? दे, पुसून आत पोचवते.

खरं तर तुला एवढंच सांगणार होते, की हळू बोल, ओरडू नकोस, उजेड तोंडावर घे. बाकीचं कशाला बोलत बसले कोण जाणे. हेड सिस्टरला अजून सांगितलेलं नाही. कागदावर अजून "शांतपणे घेतलं" असंच आहे. — लिहीन. आजच लिहीन, माझ्या नावानं.

काचेवर वाजवून उपयोग नाही. मी आतला दिवा दोनदा मालवून लावते, तेवढ्यानं बघतात कधी कधी. — हं, बघितलं. नाही नाही, माझ्याकडे वळू नकोस, तोंड तिकडंच ठेव. रडलीस तरी चालेल, बोलत राहा. मी जाते सात नंबरला.