चिंतू हाडळ याने ड्रिल मशीनवर हातमोजे कोणाच्या सांगण्यावरून घातले, याबाबत

दि. २४ नोव्हेंबर २०२५

मी, श्रीमती ज्ञानेश्वरी वसंत सावे, वय ५८ वर्षे, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय नोकरी, राहणार पाम, ता. जि. पालघर, स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते ते असे:

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये गेली एकवीस वर्षे स्टोअर्स इनचार्ज आहे. आमच्याकडे पाइपांना जोडायच्या लोखंडी फ्लँज तयार होतात. माल आणणे, तपासणे व कामगारांना वाटणे हे माझे काम आहे. मला बोलावलेले नव्हते. मी आपणहून आले आहे.

सप्टेंबर महिन्यात आमच्या एका मोठ्या ग्राहकाची माणसे वर्कशॉप पाहण्यास आली होती. कामगार उघड्या हातांनी काम करतात, असा शेरा त्यांनी लिहिला. त्यावर मॅनेजर हितेशभाई यांनी मला सर्वांसाठी एकाच प्रकारचे चांगले हातमोजे निवडण्यास सांगितले. कोणत्या कामाला कोणते, असा विचार त्यांनी केला नाही व मीही केला नाही.

मी बोईसरच्या एका दुकानातून तीन प्रकारचे नमुने आणले: सुती विणलेले, चामड्याचे, आणि तळव्याला रबराचा थर असलेले जाड. तिन्ही मी स्वतःच्या हातात घालून पाहिले. तेल लागलेला नट उचलून पाहिला. सुती हातमोजा दोन्ही हातांनी ओढताच उसवला. चामड्याच्या हातमोज्यात बोटे वळत नव्हती. रबराचा हातमोजा मी दाराच्या कडीला अडकवून सर्व जोर लावून ओढला, तो फाटला नाही. म्हणून मी तो निवडला. खोक्यात इंग्रजीत छापलेले माहितीपत्रक होते. ते मी न वाचता फाइलला लावले.

दि. १ ऑक्टोबरपासून हातमोजे सक्तीचे केले. फाटका जोड जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही, अशी पद्धत मी ठेवली व त्याची नोंदवही ठेवली. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या लोकांचे जोड पंधरा-वीस दिवसांत फाटून येत. चिंतू लाडक्या हाडळ, वय ३४, ड्रिल मशीन ऑपरेटर, याचा जोड दीड महिना झाला तरी आला नाही. चिंतू विक्रमगडकडचा आहे. पूर्वी दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जात असे. आमच्याकडे त्याला सहा वर्षे झाली. त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार नाही.

मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास मी त्याच्या मशीनजवळ गेले. तो उघड्या हातांनी काम करत होता. हातमोजे कमरेला खोचलेले होते व जवळजवळ कोरे होते. मी त्याला विचारले, "शोभेला दिलेत का हे? की देव्हाऱ्यात ठेवतोस?" शेजारच्या मशीनवरचा झुंबर म्हणाला, "मॅडम, जपून ठेवलेत त्यानं. पोरीच्या लग्नात घालणार हाय." दोन-तीन जण हसले. चिंतूही हसला.

चिंतू म्हणाला, "बाय, माल उचलताना घालतो मी. फिरत्या मशीनला हात मोकला बरा. मोजा गुतला तं हात बी जातो."

मी त्याला म्हटले, "नियम तुझ्यासाठी वेगळा नाही. कारणं मला सांगू नकोस."

तो म्हणाला, "आमी जुने ऑपरेटर हाव, बाय."

मी म्हटले, "आणि मी नवी आहे का? घाल."

त्याने मशीन बंद करून हातमोजे घातले. दोन्ही हातांत घालून होईपर्यंत मी तेथे उभी होते. त्याने मशीन पुन्हा चालू केल्यावर मी स्टोअरकडे वळले. दहा-बारा पावले गेले असेन, तेव्हा मशीनचा आवाज बदलला. मागे पाहिले तेव्हा झुंबरने लाल बटण दाबले होते. चिंतूच्या उजव्या हातमोज्याचे टोक फिरत्या ड्रिलमध्ये गुंडाळले गेले होते व हात आत ओढला गेला होता. पूर्वी कोणी स्वतःचे सुती हातमोजे घातलेच, तर ते अडकताच धागा तुटत असे, हे नंतर झुंबरने मला सांगितले. हा हातमोजा तुटला नाही. तो कापून काढावा लागला. कात्री स्टोअरमध्ये होती, ती मी आणून दिली.

चिंतूला कंपनीच्या गाडीतून बोईसरच्या खासगी रुग्णालयात नेले. उजव्या हाताची मधली तीन बोटे काढावी लागली. अंगठा व करंगळी आहेत.

त्याच संध्याकाळी मी फाइलमधील माहितीपत्रक वाचले. फिरत्या यंत्राजवळ हे हातमोजे वापरू नयेत, असे त्यात चौथ्या ओळीत छापलेले आहे. मला इंग्रजी वाचता येते. चिंतूला मराठीही वाचता येत नाही. त्याला ते माहीत होते.

बुधवार, दि. १९ रोजी सकाळी ड्रिल मशीनमागच्या भिंतीवर "फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत" अशी पाटी लावलेली दिसली. अपघाताच्या दिवशी ती नव्हती. रंग ओला होता, माझ्या बोटाला लागला. गुरुवारी हितेशभाईंनी मला केबिनमध्ये बोलावून अपघाताचा अहवाल सहीसाठी दिला. पाटीवरील सूचना न पाळता ऑपरेटरने स्वतःच्या मर्जीने हातमोजे घातले, असे त्यात लिहिले होते. मी सही केली नाही.

हितेशभाई म्हणाले, "मॅडम, मी तुम्हालाच वाचवतोय. दोन वर्षं राहिलीत तुमची. शांतपणे रिटायर व्हा ना."

मी विचारले, "आणि चिंतू?"

ते म्हणाले, "त्याला गेटवर बसवू. चूक माझी म्हणाला तर नोकरी राहील. भांडण केलं तर मग माझ्या हातात काही नाही."

गेटवरच्या नोकरीचे लेखी द्या, असे मी म्हटले. "लिहून कशाला? माझा शब्द आहे," असे ते म्हणाले. हातमोज्यांची नोंदवही त्यांनी त्याच दिवशी मागवून घेतली. ती मला परत मिळालेली नाही.

त्यानंतर मी झुंबरला भेटले. मी चिंतूला काय म्हटले ते त्याने ऐकले होते, तो स्वतः बोललाही होता. तो म्हणाला, "मॅडम, कंप्रेसर चालू व्हता. कानाला काय ऐकू येतंय?" मी त्याला त्याचेच वाक्य म्हणून दाखवले. तो म्हणाला, "मी आसं काय बोललो नाय. मला बी लेकरं हायेत."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. मी रुग्णालयात गेले. चिंतूची पत्नी ठकी त्याला डाव्या हाताने जेवायला शिकवत होती. मी पोलीस ठाण्यात जाऊन खरे सांगणार आहे, असे म्हटल्यावर ती म्हणाली, "बाय, तू गप ऱ्हा. बोटा गेली ती गेली. गेटवरचा काम तरी राहू दे. नायतं परत भट्टीवर जावा लागंल, न् या हातानं इटा कशा पाडायच्या?" उद्या गेटवरूनही काढले तर अहवालात चूक त्याचीच राहील व दुसरा कारखाना त्याला दारात उभा करणार नाही, असे मी सांगून पाहिले. ती म्हणाली, "उद्याचा उद्या."

चिंतू भिंतीकडे पाहत होता. निघताना तो मला म्हणाला, "तुमी चांगल्यासाठीच सांगितला, बाय. तुमचा नाव कशाला?"

आज जबाब देण्यापूर्वी अंमलदार साहेबांनी मला समज दिली की, मी असे सांगितल्यास दोष माझ्यावर येऊ शकतो. ते मला समजले आहे. माझ्या सांगण्याने चिंतूचे गेटवरचे काम जाऊ शकते, हेही मला समजले आहे. न सांगितल्यास त्याची चूक नसताना ती कायम त्याच्या नावावर राहील. यांतले कोणते त्याच्या भल्याचे, हे मी तीन दिवस विचार करूनही ठरवू शकले नाही. जे घडले तेवढेच सांगत आहे.

चिंतूचा जबाब शनिवारी रुग्णालयातच घेण्यात आला असून तो मला आज वाचून दाखवण्यात आला. हातमोजे मी माझ्या मनाने घातले, मला कोणीही सांगितले नाही, सावे बाई त्या वेळी तेथे नव्हत्या, असे त्यात आहे. त्याखाली त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे.

चिंतू खोटे बोलतो असे माझे म्हणणे आहे काय, असे मला विचारण्यात आले.

होय, चिंतू खोटे बोलतो. तसे लिहून घ्यावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. त्यात काही कमी करायचे नाही.

(सही)
ज्ञानेश्वरी वसंत सावे