लेन्सच्या नाकावरचा चतुर

किड्यांचे जवळून फोटो काढायला साठ एमएमची मॅक्रो लेन्स घेऊ की शंभरची, हेच विचारतोयस ना? मग आधी माझी फजिती ऐक. शंभरची जरा लांबून टिपते, किडा बुजत नाही, म्हणून मी ती घेतली आणि सकाळीच इथं जपानात, फुनाबोरीच्या नदीकाठी गवतात पालथा पडलो. लेक सोबत होती. एक किडा दिसेल तर शपथ! तेवढ्यात ती कुजबुजली, "बाबा, मुशी!"

जपानीत मुशी म्हणजे किडा, आणि दुर्लक्ष करणं म्हणजेही मुशीच. मला वाटलं, रुसली.

"अगं, दुर्लक्ष नाही करत तुझ्याकडे. जरा थांब."

"तसं नाही बाबा! मुशी!"

मान वर केली, तर गवतावरून चढून एक चतुर थेट लेन्सच्या टोकावर बसलेला! लेन्सला स्वतःच्या नाकावरचं कसं दिसणार? त्याच्या पंखांवर दव होतं आणि थेंबाथेंबात कोवळं ऊन. ते हिरवे डोळे तर आम्हालाच न्याहाळत होते. आम्ही श्वास रोखून बघतच राहिलो. पंख वाळले, तसा तो उडाला.

"अरेरे, फोटो राहिला की!" मी म्हटलं.

लेक म्हणाली, "बरं झालं. नाहीतर फोटोच्या नादात तू त्यालापण मुशी केलं असतंस."