आलापातला श्वास

कानाच्या दवाखान्यात गाण्याच्या बाई आणि त्यांची शिष्या शेजारी येऊन बसल्या, तेव्हा नंबराची वाट पाहत बसलेल्या मावशींनी रीतीप्रमाणे मान वळवून घेतली. पण कान कुठे वळवता येतात?

“कानात यंत्र बसलं एकदाचं! आता लाव तुझं ते गाणं. माझ्या आवाजाचं काय केलंयस, ऐकू दे.”

“घरी ऐकू ना, बाई. इथे गोंगाट आहे.”

“दोन महिने टोलवतेयस. लाव म्हणते ना!”

“बरं, लावते. हं, ऐका.”

“हे मागे काय घुमतंय गं? विहिरीत वारा शिरल्यासारखं?”

“सिंथेसायझर. एकच सूर धरून ठेवलाय.”

“छान आहे की! मला वाटलं, नुसती आदळआपट असेल. आणि हा आलाप माझ्याच रियाजातला ना?”

“तुमचाच.”

“मग ही बाई श्वास कुठे घेते?”

“म्हणजे?”

“अगं, एवढ्या लांब आलापात मी दोनदा तरी थांबले असेन. या वयात दम पुरतो का?”

“ते मी काढून टाकलं, बाई. संगणकावर. धाप ऐकू येत होती. लोकांना...”

“सगळे श्वास?”

“सगळे. रागावलात?”

“छे गं. पण तू आलीस, तेव्हा पहिले सहा महिने मी तुला काय शिकवलं?”

“श्वास कुठे घ्यायचा ते.”

“हं.”

“मी परत घालते, बाई. मूळचं आहे माझ्याकडे.”

“राहू दे. हे यंत्र काढतात कसं, तेवढं दाखव.”

मावशींनी भिंतीकडे पाहत आपला श्वास हळूच सोडला, कुणाला ऐकू जाणार नाही असा.