टँकर आला त्या दिवशीची तपासणी

मी मूळचा नेकनूरकडचा, मॅडम. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे आन मी आज्जीपाशी राहून शिकलो, बीएड झालो, आन चौसाळ्याजवळच्या या शाळेत लागलो. शाळा साखर कारखान्याच्या चेअरमनच्या संस्थेची, विनाअनुदानित, म्हंजे सरकारची अनुदानाला मान्यता आली की मग पगार. चेअरमन म्हणायचे, थांबा गुरुजी, पुढच्या वर्षी होतंय. असं करत नऊ वर्षं गेली. सोडून जावं तर नऊ वर्षं वाया, थांबावं तर दहावं लागतंय, काय सांगू तुमाला. सुट्टीत कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर बसायचो, कारखानाबी त्यांचाच, तितंबी मान खालीच.

तुमी इंग्लिश मीडियमच्या, तुमाला हसू येईल, पण मी इंग्रजी अंगानं शिकवायचो. एकानं करून दाखवायचं आन बाकीच्यांनी ओरडून सांगायचं, ही इज रनिंग, शी इज कटिंग. ही तोडकऱ्यांची लेकरं, उसाची मोळी बांधून दाखवायची, मोळीला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाच म्हाईत न्हवतं, टायिंग म्हणून भागवलं.

मग ते दुष्काळाचं साल. पोरांचे आईबाप तोडीला, गावात नुसती म्हातारी आन लेकरं, आन टँकर चार दिवसाला एकदा, तोबी विहिरीत रिकामा करायचा, जो ओढील त्याचं पाणी. म्हाताऱ्यांना ओढणं व्हायचं न्हाई, म्हणून हॉर्न वाजला की मी वर्ग सोडून द्यायचो.

मान्यतेची तपासणी नेमकी टँकरच्या दिवशी आली. हेडसर म्हणले, वर्ग भरलेला दिसला पायजे, एकबी पोरगं हलू देऊ नका, कडी लावा. मी आतून लावली. तपासणीचे अधिकारी मागं खुर्चीवर बसले, म्हणले, चालू द्या. मी कावेरीला उभं केलं, सातवीची पोरगी, लई हुशार. तेवढ्यात हॉर्न वाजला. सगळी लेकरं दाराकडं बघायला लागली, कावेरी म्हणली, सर, टँकर. कडी काढायला दोन पावलं होती, मॅडम. मी म्हणलो, कावेरी, पुलिंग करून दाखव. ती माझ्याकडं जरा बघत राहिली आन मग हवेत दोर ओढायला लागली, आन पोरं ओरडायला लागली, शी इज पुलिंग वॉटर, बाहेर घागरींचा आवाज चाललेला. अधिकारी म्हणले, वा, अगदी खरं वाटतंय. दार उघडलं तवर विहिरीत गाळ राहिलेला.

दुसऱ्या दिवशी कावेरीची आज्जी शाळेत आली. शिव्या देणार म्हणून मीच आधी म्हणलो, आज्जी, चुकलं माझं. ती म्हणली, सर, तुमचं काम झालं का? मी म्हणलो, झालंय वाटतं. मग बरं झालं बाबा, म्हणली, तुमा लेकुरवाळ्या माणसाचं झालं, आमाला शेजारणीनं तांब्याभर दिलं.

मान्यता आली, पगार सुरू झाला. कावेरी पुढच्या हंगामात आईबापासंगं तोडीला गेली ती परत वर्गात बसली न्हाई. पाण्यामुळं गेली असं कुणी म्हणलं न्हाई, मीबी कुणाला विचारलं न्हाई. संस्थेच्या मास्तरला बदली नसती, याच गावात रिटायर व्हायचं, रोज त्या म्हातारीच्या दारावरून जायचं, ती ओट्यावरून म्हणती, सर, च्या घेऊन जा.

आता तुमी इंग्रजी शिकवायला आलात. तेवढा तो रनिंग-पुलिंगचा धडा तुमी घेत जा, मॅडम, मी तवर शेजारच्या वर्गात बसतो. तुमच्या हातून लेकरांचं चांगलं होऊ दे.